बॉल पायथनचं पिल्लू आणलंय. खात नाही, दिवसभर कोपऱ्यात वेटोळं करून बसतं

पहाटवारा:
गेल्या आठवड्यात बॉल पायथनचं नर पिल्लू घरी आणलं. वजन १३० ग्रॅम. साप पाळायची ही पहिलीच वेळ. काचेची टाकी आहे, वर जाळीचं झाकण, एका बाजूला टाकीच्या खाली हीट मॅट. लपायला दोन्ही बाजूंनी उघडा असा लाकडाचा अर्धा ओंडका ठेवलाय, पण तो त्यात जातच नाही. पाण्याच्या भांड्यामागच्या कोपऱ्यात डोकं आत खुपसून बसतो. रात्री दिवे घालवले की काचेला नाक घासत फेऱ्या मारतो.

आणल्याच्या दुसऱ्या दिवशी उंदराचं पिल्लू दिलं, त्याने तोंड फिरवलं. काल रात्रभर टाकीत ठेवून पाहिलं, सकाळी तसंच पडलेलं. काचेवर चिकटवलेला तापमापक २७ दाखवतो, आर्द्रता ४०. धाकट्या भावाला त्याला हातात घ्यायची फार घाई झालीये, त्याला कसंबसं थोपवून धरलंय. माझा जीव मात्र टांगणीला लागलाय. उपाशी मरणार तर नाही ना हा? जिवंत उंदीर सोडून बघू का?

वारूळकाठ:
ताई, आधी धीर धरा. १३० ग्रॅमचं निरोगी पिल्लू दोन-तीन आठवडे न खाल्ल्याने मरत नाही. तुम्ही लिहिलेल्यात मला त्याच्या भुकेपेक्षा जास्त काळजी वाटली ती हीट मॅटची. तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं उपकरण, आहे का? तुम्ही त्याचा उल्लेखच केलेला नाही. नसेल तर हे पुढचं सगळं वाचायच्या आधी मॅट बंद करा आणि थर्मोस्टॅट आणा. तोवर खोली उबदार ठेवा.

थर्मोस्टॅटशिवाय मॅट सहज ४० अंशांच्या वर जाते, आणि हे साप पोटाखालच्या चटक्यापासून वेळेवर बाजूला होत नाहीत. पोटाचे खवले भाजलेला साप मी जवळून पाहिलाय. आधी नुसती गुलाबी झाक दिसते, मग पाणी भरलेले फोड येतात. बरं व्हायला काही महिने आणि कितीतरी वेळा कात टाकावी लागते. काचेवरचा तापमापक यातलं काहीच सांगत नाही, तो फक्त तिथल्या हवेचं तापमान दाखवतो. वायरवाला डिजिटल तापमापक घ्या आणि त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, उबदार बाजूच्या लपायच्या जागेत, जमिनीवर ठेवा. तिथे ३१ ते ३३ हवं, थंड बाजूला २४ ते २७.

आता तो कोपऱ्यात का बसतो ते. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगो-बेनिनकडच्या गवताळ मुलखात, हे साप दिवसा उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत असतात. चहूबाजूंनी काच म्हणजे त्याच्या दृष्टीने उघडं माळरान. तुमचा ओंडका दोन्हीकडून उघडा, त्यात त्याला पाठ टेकायला काही नाही. एकच लहान तोंड असलेली, आत वेटोळं केलं की अंग भिंतींना लागेल इतकी तंग जागा द्या. अशा दोन द्या, अगदी सारख्या, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच दिली तर ऊब की आडोसा यातलं एक त्याला निवडावं लागतं आणि तो आडोसा निवडतो. मग गारठून बसतो, आणि गारठलेला साप खात नाही, खाल्लं तरी पचवू शकत नाही.

मागची आणि बाजूची काच काळ्या कागदाने बाहेरून झाका. आर्द्रता ६० ते ७० पाहिजे. जाळीचं झाकण बरंचसं झाकून टाका, हवेला थोडी जागा ठेवा. खाली नारळाचा भुसा चार बोटं जाड पसरा आणि पाणी वरून न फवारता कोपऱ्यांत ओता, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. सतत ओल्यावर बसला तर खवले सडतात.

हे सगळं झालं की आठवडाभर काही करू नका. पाणी बदला, घाण उचला, बस्स. खायला नाही, हातात घेणं नाही. भावाला सांगा, दोन-तीन वेळा नीट खाल्लं की मग त्याची पाळी.

पहाटवारा:
थर्मोस्टॅट खरंच नव्हता. मॅट लगेच बंद केली, आज थर्मोस्टॅट आणलाय. वजन दररोज करू का? आणि आज त्याचे डोळे निळसर, धुरकट दिसताहेत. आंधळा तर होत नाहीये ना?

कातवेळ:
डोळ्यांची चिंता नको, कात टाकायची वेळ आलीये. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, त्यामुळे बहुतेक साप खात नाहीत. डोळे पुन्हा स्वच्छ होतील, त्यानंतर काही दिवसांत कात निघेल. आर्द्रता ७० च्या पुढे राहू द्या. कात हाताने ओढू नका. निघाली की ती उलगडून डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक चकत्या त्यात आहेत का बघा, आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं राहिलंय का तेही बघा. तसं कडं आवळत गेलं की टोक सुकून गळतं. चकती डोळ्यावरच राहिली तर नखाने काढायला जाऊ नका, ते काम डॉक्टरचं.

जिवंत उंदीर मात्र अजिबात नको. साप खायच्या मनःस्थितीत नसला की उंदीर त्याला कुरतडतो, आणि भेदरलेलं पिल्लू प्रतिकारही करत नाही. गोठवलेला घ्या. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. खरी मेख इथे आहे. त्याच्या ओठांवरच्या खाचा उष्णता टिपतात, त्यामुळे उंदीर ३८-४० अंशांना नसेल तर त्याच्या लेखी ते भक्ष्यच नाही. पुसून कोरडा करा. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने शेपटीकडून धरा आणि लपायच्या जागेच्या तोंडाशी किंचित हलवा, त्याच्या तोंडावर आपटू नका. जिभेची लवलव मंदावली, मान हळूहळू मागे ओढली जाऊन एस आकारात आली, की हात स्थिर ठेवा. हा त्याचा पवित्रा आहे. झडप घातली, विळखा पडला, की चिमटा सोडा आणि खोलीतून निघून जा. त्यानंतर ४८ तास हात लावू नका.

नाही घेतलं तर उंदीर फेकून द्या, परत गोठवू नका. पुढचा प्रयत्न आठवड्याने. रोज रोज दाखवत राहिलात तर तो आणखी बिथरेल. उंदीर त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड असावा, जास्त नको.

रानजाई:
वजन आठवड्यातून एकदाच, झाकणाच्या डब्यात ठेवून, साध्या डिजिटल काट्यावर, आणि तेही आठवड्याची विश्रांती झाल्यावर सुरू करा. वहीत लिहून ठेवा. १३० चे ११७ झाले, म्हणजे दहा टक्के घट, की सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. मोठे नर विणीच्या हंगामात चार-चार महिने तोंड लावत नाहीत आणि वजन फारसं हलत नाही. पण लहान पिल्लाला तेवढी मुभा देऊ नये.

याशिवाय काही खुणा दिसल्या तर वजनाची वाट बघू नका. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं, तोंडात चिकट लाळ: हा छातीचा संसर्ग असतो आणि आपोआप बरा होत नाही. पाण्याच्या भांड्यात मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके म्हणजे गोचिडीच्या जातीचे माइट्स. टाकीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, धाकट्यालाही लावा ती सवय. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो.

आणि घाई कशाला? हा प्राणी नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं सांगितलं गेलं. तुमच्या भावाकडे भरपूर वेळ आहे. खरेदीची कागदपत्रंही जपून ठेवा, ही जात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही लपायच्या जागा ठेवल्या, काच झाकली. तासाभरात तो उबदार बाजूच्या जागेत शिरला, फक्त नाकाचं टोक बाहेर! शेवटचा प्रश्न: प्रोब रात्री तो ढकलून देतो. आतून चिकटपट्टी लावू का?

वारूळकाठ:
चिकटपट्टी टाकीच्या आत कधीच नको. खवल्यांना चिकटली की सोडवताना कातडी निघते, आणि तुमचा तर कात टाकायच्या बेतात आहे. थर्मोस्टॅटचा प्रोब टाकीच्या बाहेर, मॅट आणि काचेच्या मध्ये बसवा, तिथे पट्टी चालेल. तापमापकाचा प्रोब आत लागतो, तो गरम गोंदाच्या बंदुकीने काचेला चिकटवा. पण ते काम आज नको, त्याची कात निघाल्यावर करा. तोवर वायर लपायच्या जागेच्या कडेखाली दाबून ठेवा आणि आतला आकडा ३२ च्या आसपास येईपर्यंत थर्मोस्टॅट हळूहळू खालून वर नेत बसवा.