मदत हवी आहे : फर्मला मिळालेला पुरस्कार जाहीर कसा करावा?

चार वकिलांच्या फर्मच्या कायदेविषयक लेखनाला पुरस्कार मिळालाय. ऑफिसात पेढे वाटायला कुणाची ना नाही; पंचाईत पुढे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम ३६ वकिलांना जाहिरात करायला मनाई करतो. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र असा ठरावीक तपशील चालतो. पुरस्कार त्या यादीत नाही. तक्रार झालीच तर ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, म्हणजे समज, निलंबन किंवा थेट सनद रद्द.

लेटरहेडवर पुरस्काराचं चिन्ह नकोच, पाटीवर तर नाहीच. पण सध्याच्या अशिलांना पत्रात एवढीच ओळ गेली तर? ‘आमच्या लेखनाला यंदा पुरस्कार मिळाला.’ ‘अव्वल’, ‘नामांकित’ असलं काही नाही. हीही जाहिरात धरतील का? कुणी असं पत्र पाठवलं असेल तर नेमके शब्द द्याल का?