परिविक्षाधीन काळात तहसील कार्यालयात नेमके काय शिकून घ्यावे?

प्रश्न – नवनियुक्त

नमस्कार. राज्यसेवा परीक्षेतून तहसीलदार पदासाठी माझी निवड झाली असून लवकरच एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रमासाठी रुजू व्हायचे आहे. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे आहे, घरी शेती नाही आणि मागची पाच वर्षे पुण्यातल्या अभ्यासिकेत गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील महत्त्वाची कलमे तोंडपाठ आहेत, परंतु प्रत्यक्ष फेरफार (जमिनीच्या हक्कनोंदीतील बदल) कसा धरला जातो हे मी आजवर पाहिलेले नाही. गेल्या महिन्यात मामांच्या गावी गेलो असता त्यांनी सातबारा पुढे ठेवला आणि सोसायटीचे कर्ज दोन वर्षांपूर्वीच फेडले तरी इतर हक्काच्या रकान्यात बोजा अजून का दिसतो, असे विचारले. ज्याच्या निवडीचा पेढा त्यांनी गावभर वाटला होता, त्या भाच्याला याचे उत्तर देता आले नाही. तेव्हापासून ही गोष्ट मनात घर करून आहे.

वर्गातील प्रशिक्षण, त्यानंतर जिल्ह्यातील निरनिराळ्या कार्यालयांशी संलग्नता (तिथे बसून काम शिकणे) आणि शेवटी स्वतंत्र कार्यभार, असा एकूण क्रम असल्याचे समजते. संलग्नतेच्या दिवसांत अनेकांना कोपऱ्यातली खुर्ची आणि वाचायला जुन्या संचिका एवढेच मिळते, असेही ऐकले आहे. हा काळ वाया जाऊ नये यासाठी कोणते काम स्वतःहून मागून घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर – निवृत्त तहसीलदार

आधी तुमच्या मामांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कर्ज फिटले की सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरतो, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असतो. संस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तो अर्जासोबत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यावा लागतो. त्यावरून गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, बोजा कमी करण्याचा फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावरील नोंद कमी होते. मामांना सोसायटीत पाठवा, आणि जमल्यास स्वतः त्यांच्यासोबत जा. तुमचे प्रशिक्षण तिथूनच सुरू होऊ द्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संलग्नतेतले पहिले काही आठवडे तहसीलदारांच्या दालनात न घालवता एखाद्या सजावर (एका तलाठ्याकडील गावांच्या गटात) घालवण्याची परवानगी मागा. एक फेरफार निवडा आणि तो अर्जापासून प्रमाणित होईपर्यंत डोळ्यांदेखत पुढे जाऊ द्या: वारसाचा असेल तर गाव नमुना 6-क मध्ये वारसांची चौकशी कशी होते, विवाहित मुलींची नावे का राहून जातात, हितसंबंधितांना नोटीस खरोखर मिळते की केवळ सही घेतली जाते, कोणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत कसे जाते. हा प्रवास एकदा जवळून पाहिलेला अधिकारी पुढे अपिलाची संचिका वाचताना नोटिशीचे पान सर्वांत आधी उघडतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खालील लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीची, दुरुस्तीही याच वेळी समजून घ्या. हस्तलिखित सातबाऱ्यावर 0.81 हेक्टर असलेले क्षेत्र संगणकीकरणात 0.18 झाले, तर तो लेखनप्रमाद आहे. परंतु भावाभावांच्या वाटणीतला वाद त्याच कलमाचा आधार घेऊन ‘दुरुस्त’ करून मागितला जातो, तेव्हा तो लेखनप्रमाद नसतो. असे अर्ज तुमच्याकडे फार साध्या चेहऱ्याने येतील.

दुसरे काम म्हणजे स्थळपाहणी. शेतरस्त्याच्या वादांत मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराला अडथळा दूर करण्याचा अधिकार आहे आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. नोकरीच्या सुरुवातीला अशा एका दाव्यात मी पंचनाम्यावर विसंबून निकाल दिला. ‘जागेवर रस्ता अस्तित्वात दिसून येत नाही’ असे त्यात लिहिले होते, खाली पंचांच्या सह्या होत्या, चतुःसीमा बरोबर होत्या. मी दावा फेटाळला. पुढे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे फेरतपासणीत तो आदेश रद्द होऊन प्रकरण परत आले, तेव्हा मी पहिल्यांदा जागेवर गेलो. शेतातून जाणारी गाडीवाट प्रतिवादीने पेरणीआधीच नांगरून टाकली होती, म्हणून पंचांना ती दिसली नव्हती. पण बांधाच्या टोकाला, बाभळीच्या पलीकडे, जमिनीवर आलेला खडक होता आणि त्या खडकात बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या बोटभर खोल गेलेल्या होत्या. एवढी झीज एका हंगामात होत नाही. त्या वर्षी वादीचा ऊस वेळेवर बाहेर निघू शकला नाही, आणि तो माझ्या आदेशामुळे निघू शकला नाही. मी स्वतः गेलो असतो तर पाव तासात निकाल लागला असता.

म्हणून संलग्नतेत असताना रस्त्याच्या निदान पाच प्रकरणांत जागेवर जा, आणि पंचनामा कोणाकडून लिहवून घेण्याऐवजी स्वतःच्या हाताने लिहा. नंतर तहसीलदारांना विनंती करून त्याच प्रकरणांच्या आदेशाचे मसुदे तयार करा आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. लाल शाईने भरून परत आलेला मसुदा जपून ठेवण्यासारखा असतो.

उत्तर – सेवेत असलेला उपजिल्हाधिकारी

वरील प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. मात्र वर्गातील प्रशिक्षणाला कमी लेखण्याची वृत्ती आपल्याकडे रुजली आहे आणि नवनियुक्त मंडळी ती रुजू होण्यापूर्वीच उचलतात, म्हणून हे लिहीत आहे.

राज्याचे प्रशिक्षण धोरण 2011 मध्ये आले आणि एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रम 2014 पासून सुरू झाला. त्यापूर्वी प्रत्येक विभाग आपापल्या अधिकाऱ्यांना आपल्या सोयीने प्रशिक्षण देत असे, आणि काहींना तर आधी खुर्ची आणि नंतर कधीतरी प्रशिक्षण, असा उलटा क्रम अनुभवावा लागे. मसुरीच्या लाल बहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत वेगवेगळ्या अखिल भारतीय आणि केंद्रीय सेवांचे अधिकारी पायाभूत अभ्यासक्रम एकत्र करतात, त्याच धर्तीवर आपल्याकडे उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, वित्त व लेखा सेवेतील अधिकारी अशी निरनिराळी मंडळी एका वर्गात येतात. कार्यक्रमाच्या नावातला ‘एकत्रित’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याचे मोल मला एका पुरात कळले. रात्री अकराच्या सुमारास नदीकाठच्या वस्तीतील कुटुंबे हलवायची होती. शाळा उघडायची होती ती जिल्हा परिषदेची, ग्रामसेवकांना सूचना जायला हवी होती ती पंचायत समितीकडून, आणि औपचारिक पत्रव्यवहाराला वेळ नव्हता. त्या तालुक्याचा गटविकास अधिकारी प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. मी एक दूरध्वनी केला आणि त्याने ‘पत्र द्या’ असे न म्हणता शाळेचे कुलूप उघडवले. पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. एरवी महसूल आणि पंचायत समिती यांच्यात ‘हे काम कोणाचे’ यावरून जो वेळ जातो, तो त्या रात्री गेला नाही. त्यामुळे प्रशिक्षण संस्था पुण्याची यशदा असो वा नागपूरची वनामती, तिथे केवळ आपल्या सेवेच्या लोकांत बसू नका. लेखा सेवेतल्या सहकाऱ्याकडून कोषागारात देयक कोणत्या कारणाने परत येते हे समजून घ्या. आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून कार्यालयाच्या रकमा काढून वाटणारा अधिकारी) म्हणून सही करण्याची वेळ आली की ते ज्ञान उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा उमगली. वर्षानुवर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय जडलेल्या मनाला पर्यायच दिलेले नसलेल्या प्रश्नापुढे थांबून विचार करणे जड जाते. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे पुढील तुकड्यांचे चित्र बदलेलही. तुमची सवय जुन्या पद्धतीची असेल, तर दररोज एक पान कारणमीमांसेसह लिहिण्याचा नेम आतापासून ठेवा.

उत्तर – पदोन्नत नायब तहसीलदार

मी लिपिक म्हणून लागलो आणि अव्वल कारकून होऊन आज या पदावर आहे, त्यामुळे सरळसेवेने आलेले बरेच साहेब जवळून पाहिले. त्यांपैकी जे पुढे कामाचे ठरले, ते सर्व जण पहिल्या महिन्यात लिपिकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेले मला आठवतात. कार्यविवरण नोंदवही (टेबलावर आलेल्या कागदांची आणि त्यांवरील कार्यवाहीची नोंद) कशी लिहितात, आवक झालेला अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडतो, सहा गठ्ठे पद्धतीत चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायच्या आणि नष्ट करायच्या संचिका कशा वेगळ्या केल्या जातात, हे तिथेच कळते. प्रतीक्षाधीन गठ्ठा उघडायला कधीही विसरू नका. ‘अहवाल मागविला आहे’ एवढ्या एका वाक्याखाली त्यात माणसांची वर्षे अडकलेली असतात.

एक विषय मात्र कोणत्याही संलग्नतेच्या वेळापत्रकात मला पुरेसा दिसला नाही. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मृत्यूपूर्व जबाब नोंदवण्यासाठी नायब तहसीलदाराला रात्री-अपरात्री रुग्णालयातून बोलावणे येते. माझ्या पहिल्या वेळी भाजलेली एक विवाहिता होती, बाहेर दोन्हीकडचे नातेवाईक उभे होते आणि माझा हात इतका कापत होता की, पहिल्या चार ओळी मला स्वतःलाच नंतर नीट वाचता आल्या नाहीत. कोणीही मला हे आधी शिकवले नव्हते. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का याबद्दल डॉक्टरांचे मत लेखी घ्यावे, नातेवाईक आणि पोलीस यांना खोलीबाहेर थांबवावे, आधी नाव, गाव अशा साध्या प्रश्नांनी रुग्ण शुद्धीवर असल्याची स्वतः खात्री करावी आणि ती नोंदवावी, प्रश्न आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहावे, वेळ सुरुवातीला आणि शेवटी टाकावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने असा जबाब बाद होत नाही, नोंदवणाऱ्याची खात्री महत्त्वाची, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2002 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. याचा अर्थ तुमची नोंद किती जपून लिहिलेली आहे यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. स्वतंत्र कार्यभार मिळण्यापूर्वी अनुभवी नायब तहसीलदारासोबत एकदा तरी जा, केवळ शेजारी उभे राहा.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कार्यालयातले जुने लोक अजूनही आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमांचे 107, 144, 174 हेच आकडे बोलतात. तुम्ही त्यांच्या जागी आलेली नवी कलमे 126, 163, 194 लिहा, पण ते काय म्हणत आहेत हेही समजू द्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – नवनियुक्त

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मामांना सोबत घेऊन सोमवारी सोसायटीत जात आहे. निवृत्त तहसीलदार साहेबांना एकच विचारायचे आहे: सरावासाठी आदेशाचा मसुदा लिहिताना तो चांगला झाला की नाही, हे दुरुस्तीला देण्यापूर्वी स्वतःचे स्वतः कसे तपासावे?

उत्तर – निवृत्त तहसीलदार

दोन ठिकाणी तपासा. ज्याच्या विरोधात निकाल जाणार आहे त्याचे म्हणणे मसुद्यात त्याला स्वतःला पटेल इतके पूर्ण आले आहे का, ते पहिल्यांदा पाहा. फेटाळायचे म्हणून ते दोन ओळींत उरकलेले असेल, तर अपिलात नेमके तेच बोट ठेवण्याचे ठिकाण होते.

त्यानंतर केवळ शेवटचा आदेशाचा परिच्छेद एखाद्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला वाचून दाखवा आणि उद्या सकाळी जागेवर जाऊन काय कराल, असे विचारा. ‘रस्ता खुला करण्यात यावा’ एवढ्यावर त्याला काहीच करता येत नाही. कोणत्या गट क्रमांकातून, कोणत्या दिशेच्या बांधाने, कोठपासून कोठपर्यंत, किती फूट रुंद आणि कोणत्या तारखेच्या आत, हे सर्व त्या परिच्छेदात असले पाहिजे. आणि ऊसतोडणी तोंडावर आली असेल तर ती तारीख तोडणीच्या आधीची असली पाहिजे.