डार्थ व्हेडरची ताकद नेमकी किती धरायची?

धागाकर्ता

व्हेडर, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतला काळ्या मुखवट्याचा खलनायक, नेमका किती बलाढ्य, यावरून पुण्यातल्या आमच्या स्टार वॉर्स गटात सरळ दोन तट पडलेत. रविवारच्या बैठकीत सोक्षमोक्ष लावायचाय, म्हणून इथे विचारतो.

एक तट म्हणतो, २०२२ च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेच्या पाचव्या भागात व्हेडरने उडतं यान 'फोर्स' या अदृश्य शक्तीने, नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर खाली खेचलं. म्हणजे त्या यानाच्या वजनाइतकी त्याची ताकद, आणि मनात आणलं तर तो स्टार डिस्ट्रॉयर ही अवाढव्य युद्धनौकाही पाडेल. दुसरा तट १९७७ च्या पहिल्या चित्रपटातलं व्हेडर आणि त्याचा जुना गुरू केनोबी यांचं द्वंद्व दाखवतो. दोघं जेमतेम तलवारी टेकवतात, मग हा इतका बलाढ्य कसा? पुरावा म्हणून काय धरायचं आणि काय सोडायचं? यानाचा हिशोब कसा मांडायचा?

प्रतिसाद १

आधी पुरावे निवडून घ्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं. एप्रिल २०१४ मध्ये स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि गेम्स 'लेजेंड्स' म्हणून बाजूला काढले. चित्रपट आणि २००८ ची 'क्लोन वॉर्स' मालिका मूळ कथेत राहिली. स्टार डिस्ट्रॉयर खाली ओढण्याचा प्रसंग २००८ च्या गेममधला आहे, म्हणजे लेजेंड्समधला. आणि तिथेही ओढणारा व्हेडर नाही, त्याचा गुप्त शिष्य आहे. तो पुरावा व्हेडरच्या खात्यावर चढवू नका.

१९७७ चं द्वंद्व ताकदीचं माप म्हणून वापरणं हा व्हेडरवर अन्याय आहे. त्या वेळच्या लाइटसेबर (प्रकाशाच्या तलवारी) म्हणजे प्रकाश परावर्तित करणारं आवरण चढवलेल्या, मोटरवर फिरणाऱ्या काठ्या होत्या. जोरात आपटल्या की मोडायच्या. त्यामुळे वार हलके ठेवावे लागले. १९८० आणि १९८३ च्या चित्रपटांत द्वंद्वाच्या वेळी त्या पोशाखात बॉब अँडरसन हे तलवारबाजीचे प्रशिक्षक होते, म्हणून तोच व्हेडर एकदम चपळ दिसतो. पात्र बदललं नाही, साधनं आणि माणूस बदलला. लढण्याचा वेग मोजायचा तर १९८० पासून पुढचं बघा.

प्रतिसाद २

यानाचा हिशोब मांडतो. पहिल्या तटाची चूक इथेच आहे.

ते यान वर चाललं होतं, म्हणजे त्याचं वजन इंजिनांनी आधीच पेललं होतं. व्हेडरला वजन उचलायचं नव्हतंच, वजन उलट त्याच्या बाजूने होतं. त्याला मारायचा होता तो फक्त इंजिनांचा उरलेला जोर.

यानाचं वस्तुमान १०० टन धरा (हा आकडा माझा, पडद्यावर सांगितलेला नाही). यान वर जाताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर उरलेला जोर १०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १० टनांचा भार. यान नुसतं अडवायला तेवढं पुरे. २ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने खाली आणायचं तर ३०० किलोन्यूटन, साधारण ३० टन. वजन १०० टन, लागले ३०. आणि इंजिन बंद पडलं असेल तर काहीच लागत नाही.

बोर घाट आठवा. चढ १:३७. हजार टनांची गाडी मागे घसरू नये म्हणून सुमारे २७ टनांचा जोर लागतो, हजार टनांचा नाही. कर्जतला मागून ढकलायला लावलेली बँकर इंजिनं गाडी उचलत नाहीत, चढ खातात. व्हेडरचंही तसंच.

त्वरण काढायला दृश्य थांबवून फ्रेम मोजा. ४८ फ्रेम म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने २ सेकंद. तेवढ्यात यान थांबल्या जागेपासून ३ मीटर सरकलं असेल तर अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागा: ६ भागिले ४, म्हणजे १.५. अंतर काढायला शेजारी उभ्या माणसाची उंची १.७५ मीटर धरा. कॅमेरा हलत असेल किंवा दृश्य संथ केलेलं असेल तर तो तुकडा टाकून द्या, लोक हमखास तिथेच फसतात. खाली आणल्यावर व्हेडर यानाचा पत्रा फाडतो, त्याला किती जोर लागला ते या आकड्यात येत नाही. धातू कोणता, जाडी किती हे कळल्याशिवाय त्याला हात घालू नका.

प्रतिसाद ३

गणित पटलं, पण व्हेडरला टनांत मोजलं तर तो हातून निसटतो. त्याच प्रसंगात पुढे काय होतं ते बघा. पाडलेलं यान रिकामं निघतं आणि दुसरं त्याच्या डोळ्यांदेखत उडून जातं. जोर प्रचंड, पण सगळं लक्ष एकाच गोष्टीवर आणि तेही रागाच्या भरात. सहाव्या भागात तेच होतं: केनोबीला दगडांखाली गाडून तो पाठ फिरवतो, आणि अर्धा मुखवटा कापून घेतो.

पल्ल्याबद्दलही लोक वाढवून सांगतात. १९८० च्या चित्रपटात आपल्याच आरमारातल्या ॲडमिरल ओझेलचा गळा तो संपर्काच्या पडद्यावरून आवळतो, पण ओझेल त्याच जहाजावर असतो. त्याच आरमारातल्या कॅप्टन नीडाचं जहाज वेगळं, आणि तो माफी मागायला स्वतः व्हेडरसमोर येतो. या दोन प्रसंगांतून जहाजापलीकडचा पल्ला सिद्ध होत नाही.

सम्राटाशी, म्हणजे व्हेडरच्या मालकाशी तुलना करायची तर २००५ मध्ये स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज लुकास यांनी मुलाखतीत दिलेला अंदाज धरा: सम्राटापेक्षा सुमारे २० टक्के कमी. उजवा हात आधीच गेला होता, मस्ताफार ग्रहावर केनोबीशी लढताना डावा हात आणि दोन्ही पाय गेले. जिवंत शरीर कमी उरलं, म्हणून फोर्सही कमी. श्वासाचं यंत्र हा आणखी एक कच्चा दुवा. १९८३ मध्ये सम्राटाला उचलून फेकताना विजेने तेच निकामी झालं आणि तो गेला.

धागाकर्ता

आभार, यानाचा हिशोब बरोबर लागला. मग पूर्ण वजन पेलल्याचा प्रसंग कुठला धरायचा?

प्रतिसाद २

२०१५ चा 'रिबेल्स' मालिकेचा दुसरा हंगाम, पहिलीच कथा. अंगावर कोसळलेले वॉकर (पायांवर चालणारी युद्धयंत्रं) व्हेडर उचलून बाजूला करतो. इंजिनाची मदत नाही, जमिनीचा आधार नाही, सगळं वजन त्याच्यावर. रविवारी आधी तो प्रसंग लावा, यानाचा नंतर.