अ‍ॅम्पसाठी काय घेऊ, स्टॅबिलायझर, पॉवर कंडिशनर की यूपीएस?

संथलय:
नमस्कार मंडळी, दर चॅनलला ८० वॅटचा क्लास एबी अ‍ॅम्प आहे, आत जाडजूड टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, सोबत डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि लॅपटॉप. संध्याकाळी व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं आणि मध्यरात्री २५५ ला जातं, अ‍ॅम्पच्या मागे २३० लिहिलंय. शिवाय स्पीकरमधून बारीक घुंsss येत राहतं, व्हॉल्यूम वाढवला की तेही वाढतं, आणि फ्रीज चालू झाला की टक्क. गाण्यातल्या शांत जागा ऐकायलाच तर हे सगळं जमवलं आणि नेमक्या त्याच जागा खराब होतायत, फार जीवाला लागतं. एकच चांगला पॉवर कंडिशनर (मेन्समधला गोंगाट गाळणारा) घेतला तर सगळं जाईल का?

सोल्डरवाला:
नाही जाणार, कारण ही तीन वेगळी दुखणी आहेत. आधी व्होल्टेज बघू. डॅकच्या आत स्वतःचे रेग्युलेटर असतात, त्याची काळजी नको. पॉवर अ‍ॅम्पचे रेल (आतल्या सर्किटला मिळणारा डीसी पुरवठा) मात्र बहुतेक अनरेग्युलेटेड, मेन्स उतरलं की तेही त्याच प्रमाणात उतरतात. १९५ म्हणजे १५% कमी, ८० वॅटचे साधारण ५८ राहतात, डेसिबलमध्ये जेमतेम दीड, कानाला कळणारही नाही. भीती २५५ ची आहे. समजा रेल ४५ व्होल्टचे असले तर ५० होतात आणि आत ५० व्होल्टचेच कपॅसिटर लावलेले असले तर काही मार्जिनच उरत नाही.
घ्यायचा तर सर्वो स्टॅबिलायझर घ्या. रिलेवाला ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचे टॅप बदलताना व्होल्टेज टप्प्याने उडवतो, ऐन गाण्यात खटक. सर्वोत मोटर वाइंडिंगवरून ब्रश सरकवते त्यामुळे बदल हळुवार होतो, फक्त ब्रश झिजतो, अधूनमधून बघावा लागतो. आणि १ केव्हीएच्या खाली जाऊ नका, अ‍ॅम्प करंट सलग घेत नाही, वेव्हच्या टोकाशीच ओढतो, छोटा स्टॅबिलायझर तिथेच दमतो.

जुनीरेकॉर्ड:
सर्वोला माझाही पाठिंबा. यूपीएस घेतलाच तर ऑनलाइन डबल कन्व्हर्जनचा (मेन्सचं डीसी करून पुन्हा एसी बनवणारा), पण त्याचा पंखा सतत चालतो, दुसऱ्या खोलीत ठेवायची सोय हवी. साधा ऑफलाइन नको, बॅटरीवर गेला की त्यातले बरेच चौकोनी वेव्ह देतात, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो. घुं व्हॉल्यूमबरोबर वाढतंय म्हणजे ते इनपुटकडून येतंय, बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं अर्थिंग आणि केबल अशा दोन वाटांनी जोडली गेल्याने त्या चक्रात फिरणारा करंट. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आणि कृपा करून अर्थिंगची पिन कापू नका, घुं जाईल पण आत वायर सुटली तर अ‍ॅम्पच्या धातूच्या बॉडीत करंट उतरेल आणि हात लावणारा जिवाला मुकेल.

तांब्याचीतार:
घरात थ्री फेज असेल तर एक गोष्ट आजच तपासा. एका फेजवर गीझर लावा आणि दुसऱ्या फेजच्या सॉकेटवर मीटर धरा. तिथलं व्होल्टेज चांगलंच वर चढलं तर न्यूट्रल ढिला असू शकतो, तो सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ येऊ शकतं. सर्ज प्रोटेक्टरमधले एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज शोषणारे भाग) क्षणभराच्या स्पाइकसाठी असतात, असा ताण टिकून राहिला तर ते जळतात. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ रिले लागतो, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

संथलय:
चार्जर काढला आणि घुं बंद!! इतके महिने मी अ‍ॅम्पलाच दोष देत होतो. आता लॅपटॉपपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली, चार्जर लावूनही शांत आहे. गीझरचा प्रयोगही केला, दुसऱ्या फेजवर जेमतेम २ व्होल्टचा फरक पडला, तरी कटऑफ रिले बसवतोय आणि सर्वोही घेतोय. आता राहिला फ्रीजचा टक्क.

सोल्डरवाला:
तो कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टचा स्पाइक असणार. आधी अ‍ॅम्प फ्रीजपासून वेगळ्या सर्किटवर घ्या, तरी आला तर फ्रीजच्याच सॉकेटला आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची स्पाइक शोषणारी जोडी) लावा. जिथे उगम तिथेच दाबायचा, अ‍ॅम्पपाशी फिल्टर लावून तेवढा फरक पडत नाही.