आमच्या वेळी सगळे नॉर्मल होते म्हणे!

सात रस्ता
काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "आमच्या वेळी असलं एलडी-फेलडी काही नव्हतं. दोन छड्या बसल्या की पोरगं सरळ. आता जो तो लेबल चिकटवून घेतोय." (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, डोकं चांगलं असून वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण.) खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

लेबलं नव्हती? काका, मी चौथीपासून 'ढ' होतो. वर्गात एक येडं, एक तोतरं, एक चकणं, एक डावरं. ती लेबलं फुकट मिळायची, डॉक्टर लागायचा नाही, आणि सोबत छड्या यायच्या. माझ्या पोरीचं लेबल तीन हेलपाटे घालून मिळालं (दोनदा साहेब रजेवर), पण त्याच्यासोबत पेपरला तासामागं 20 मिनिटं जादा येतात. एवढाच फरक.

तिची तपासणी चालू होती तेव्हा मॅडमनी मलाच विचारलं, "तुम्हाला वाचायला त्रास व्हायचा का?" हे घराण्यात उतरतं म्हणे. मी नाही म्हणालो. घरी येताना आठवलं. बारावीनंतर मावसभावाच्या लग्नाला मंगळवेढ्याला निघालो होतो. स्टँडवर एवढी गर्दी, पाटीवर 'म' दिसला, चढलो. मोहोळात उतरलो. आजही पाटी वाचत नाही, शेजारच्याला विचारतो, "गाडी कुठली?" लोकांना वाटतं चष्मा विसरला. आता सांगा, मी नॉर्मल होतो का नव्हतो?

कडक भाकरी
ते काका मीच. छड्यांचं मागं घेतो, बाकी नाही. माझा भाचा. हुशार पोरगं, पाढे तोंडपाठ. सर्टिफिकेट आल्यापासून पुस्तक उघडायला सांगितलं की म्हणतो, "मामा, मला एलडी आहे, मला जमणार नाही." आधी त्याला वाचायला वेळ लागायचा. आता वाचतच नाही. हे कुणी केलं? तुमच्या लेबलानंच ना?

आणि 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. यादी वाढली की पेशंट वाढणारच.

विजापूर रोड
यादी वाढते तशी घटतेपण, काका. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1973 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याच साली तिथं मतिमंद ठरवायची आयक्यूची रेघ 85 वरून 70 वर आणली. काल 80 वाला मतिमंद, आज नाही. डोकं तेच, घर तेच. आणि 100 म्हणजे सरासरी हे माणसांनीच ठरवलंय, आभाळातून पडलेलं नाही. 'नॉर्मल' शब्दाचं मूळ लॅटिन 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा गुण्या. लाकूड गुण्यात बसवतात हो, माणूस कशाला बसवायचा?

कडक भाकरी
अहो, मग तुम्ही माझ्याच बाजूचे! आज लावलेलं उद्या काढणार असतील तर पोराच्या कपाळी आज कशाला?

विजापूर रोड
सोयीचं तेवढंच वाचा.

निवृत्त बाई
36 वर्षं पूर्व भागातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरी शिकवली. माझ्या हातून एकाला चुकीचं लेबल लागलं, ते सांगते. चित्र दाखवून विचारलं, "झाडावर पक्षी किती?" पोरगा गप्प. पुन्हा विचारलं. शेजारच्याकडं बघून पुटपुटला, "आरु." मला वाटलं काहीतरी बडबडतोय. प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'समज कमी.' वर्षभरानं एका विडीकामगार आईनं हसत सांगितलं, तेलुगूत आरु म्हणजे सहा. चित्रात पक्षी सहाच होते. खऱ्या एलडीत आणि भाषा न कळण्यात फरक करायचा असतो, तपासणीचा नियमच तसा आहे. पण वर्गात कोण करतं?

अशोक चौक
बाई, राग मानू नका, पण वर्षभर? सोलापुरात राहून आरु माहीत नाही? कन्नडमध्येपण सहाला आरुच म्हणतात. म्हणजे अर्ध्या गावाला कळतं ते तुम्हाला कळलं नाही. मग समज कुणाची कमी? आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. सहा वर्षांचं पोरगं तीन भाषा सांभाळतंय आणि ॲबनॉर्मल तेच! मलाही शाळेत 'नीळ्ळु' म्हणून चिडवायचे, कारण पाणी मागताना घरचा शब्द तोंडातून गेला. पुढं पुण्यात नोकरीला गेलो तर तिथं 'का बे' म्हटलं की लोक दचकायचे. तेलुगूवाला म्हणून इथं वेगळा, सोलापूरवाला म्हणून तिथं वेगळा.

पेठेतला
'का बे' ही शिवीच वाटते ऐकणाऱ्याला. थोडं शुद्ध बोलायला काय जातं?

अशोक चौक
आला बे हा.

गड्ड्यावरचा पाळणा
शुद्ध म्हणजे तुमच्या तीन पेठांत बोलतात ते, होय? 'आईस सांग', 'घरी जाऊयात' हे शुद्ध, आणि आम्ही प्रेमानं मित्राला बे म्हटलं की शिवी. मूळ विषय हाच तर आहे!

पेठेतला
मूळ विषय एलडी होता. असो, तुम्ही बरोबर, जग चूक.

निवृत्त बाई
अशोक चौक, तुमचं बोलणं लागलं. पण खरं आहे. माझं माहेर साताऱ्याचं, वर्गात पन्नासच्या वर पोरं, ही सबब नाही, नुसतं सांगते. शेवटी एक ते दहा तेलुगूत शिकले, पण तोवर तो पोरगा शाळा सोडून यंत्रमागावर गेला होता.

सात रस्ता
माझा चुलतभाऊपण मागावर आहे. बिलावरचं नाव वाचता येत नाही, पण बारा मागांच्या खडखडाटात तार कुठल्या मागावर तुटली ते आवाजावरून सांगतो.

कडक भाकरी
आता प्रत्येक ढ पोरात जादू असते, असं का? माझ्या भाच्यात नाही बुवा. तो नुसता मोबाईल बघतो.

सात रस्ता
जादू नसली तरी 20 मिनिटं मिळावीत, एवढंच म्हणतोय. त्याला मिळतात का?

कडक भाकरी
मिळतात. सहामाहीला पहिल्यांदा पेपर पूर्ण लिहिला. मार्क काही फार नाहीत. पण पूर्ण लिहिला, हे मान्य.

गड्ड्यावरचा पाळणा
ते सगळं राहू द्या. मोहोळात उतरल्यावर मंगळवेढ्याला पोचला का नाही?

सात रस्ता
पोचलो. लग्न लागून गेलं होतं, शेवटची पंगत मिळाली.