मदत हवी आहे: आठवड्याचं जेवण बजेटमध्ये कसं बसवता?

रोज घरचं साधं जेवण आणि आठवड्यातून एकदाच बाहेर असं ठरवलंय, पण गुरुवार आला की पालेभाजीची जुडी पिवळी पडलेली असते, दमून बाहेरून मागवलं जातं आणि बजेट तिथेच कोलमडतं. कडधान्य एकदाच शिजवून ठेवते, फ्रिजमध्ये ३-४ दिवस छान राहतं, जास्तीचं फ्रीझरमध्ये, तेवढं मस्त जमतंय. पालेभाज्या आधी संपवायच्या, कोबी-गाजर शेवटाला हेही करते, पण ऑफिसातून आल्यावर निवडत बसायचं त्राण उरत नाही हो. आधीच निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर टिकते का? आणि बाहेर खायचा दिवस मधे ठेवावा की शेवटी? कसं जमवता ते सविस्तर सांगा ना प्लीज.