मदत हवी आहे : सातपुड्यातला पाऊस मापकात एक आणि उपग्रहात दुसराच, ताळा कसा घालायचा?

सातपुडा_पायथा
राम राम मंडळी. रावेर तालुक्यात पालच्या बाजूला डोंगरउतारावर २०० चौ. सेंमी तोंडाचा साधा पर्जन्यमापक आहे. खाली पाझर तलावाजवळ ०.२ मिमीचा टिपिंग बकेट आहे (दर ०.२ मिमी पावसाला छोटं पात्र कलंडून आपोआप नोंद करणारा मापक). सकाळी ८.३० ची नोंद आयमर्गच्या (उपग्रहांवरून काढलेल्या नासाच्या पाऊस-अंदाजाच्या) रोजच्या आकड्यांशी ताडून पाहतोय, पण काही केल्या जुळत नाही. उदाहरणार्थ एका तारखेला मापकात ६ मिमी, उपग्रहात ४०. लगेच पुढच्या तारखेला मापकात ८४, उपग्रहात ३१. महिन्याच्या बेरजेतही डोंगरावरचा मापक पुढेच राहतो.
दुसरी अडचण तलावाची. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याचं क्षेत्र काढायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे स्वच्छ चित्रच मिळत नाही. शिवाय केळी पट्ट्यातलं भूजल किती खाली गेलं हे ग्रेस उपग्रहावरून (गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून पाणीसाठ्यातला बदल टिपणारा) दाखवता येईल का?

तापीकाठ
भाऊ, आधी घड्याळ जुळवा. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे : दोन दिवसांची बेरीज ९० आणि ७१ येते, म्हणजे फरक वाटतो तेवढा नाही. सकाळी ८.३० ला मोजलेला पाऊस आदल्या सकाळी ८.३० पासूनचा असतो आणि तो आजच्या तारखेला लिहिला जातो. आयमर्गचा दिवस मात्र जागतिक वेळेच्या ०० वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५.३० ला. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत कोसळलेला पाऊस त्यामुळे दोन तारखांत फाटतो, आणि मोठा वाटा आदल्या तारखेला जातो.
रोजची फाईल सोडा, अर्ध्या तासाची घ्या. जागतिक वेळेच्या ०३.०० ते दुसऱ्या दिवशीच्या ०३.०० पर्यंत ४८ फाईली होतात. त्यातला आकडा तासाला मिमी असा असतो, म्हणून प्रत्येकाला ०.५ ने गुणून मग बेरीज करा. गुणायचं राहिलं की पाऊस थेट दुप्पट दिसतो. चालू हंगामात आयमर्गची 'लेट' ही लवकर मिळणारी आवृत्ती वापरा. हंगामाचा हिशेब 'फायनल' या पक्क्या आवृत्तीवर करा, तो साधारण साडेतीन महिन्यांनी येतो आणि त्यात जमिनीवरच्या मापकांची मासिक दुरुस्ती असते. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका.

मापक_आणि_मोजपात्र
घड्याळ जुळवल्यावरही डोंगराचा आकडा जास्तच राहील, आणि ती चूक नव्हे. आयमर्गचा एक चौकोन ०.१ अंशाचा, आपल्या अक्षांशावर सुमारे ११५ चौ. किमी. त्यात माथा, उतार आणि खालची केळीची शेतं एकत्र येतात. शिवाय उपग्रहांवरच्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) उपकरणांना जमिनीवरचा पाऊस मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून कळतो. उतारावर चढणारे बुटके ढग बर्फ फारसा न होताच बरसतात, ते हुकतात. बंगालच्या उपसागरातून मध्य प्रदेशावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पावसात ढग उंच असतात, तो त्यामानाने बरा पकडला जातो. म्हणून सगळ्या दिवसांना एकच गुणक लावू नका, दोन प्रकारचे दिवस वेगळे काढा. त्याच चौकोनात पायथा, मध्य आणि माथा असे किमान तीन मापक ठेवले तर तुलनेला अर्थ येईल.

मापकही तपासा. २०० चौ. सेंमी तोंडाला १ मिमी म्हणजे २० मिली. मोजपात्र १०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकाचं असेल तर आकडा दुप्पट येतो, ही चूक फार सर्रास होते. तोंडाची कड जमिनीपासून ३० सेंमी, पाणसळीने सपाट. झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं. सागाच्या जंगलात नरसाळ्यात पानं अडकतात, आठवड्याला बघाच.
टिपिंग बकेटचं तोंड २०० चौ. सेंमी असेल तर एक टिप ४ मिलीची. ४०० मिली पाणी बारीक थेंबाने तासभर सोडा, १०० टिपा यायला हव्यात. हेच पाणी दहा मिनिटांत सोडलं तर टिपा कमी येतात, कारण पात्र कलंडत असताना पडणारं पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात जातं. मुसळधार पावसात नेमकं हेच होतं. त्यामुळे बकेटशेजारी साधा मापक ठेवून दिवसाची बेरीज त्याची धरावी, वेळ बकेटची.

रडारवाला
तलावासाठी पावसाळ्यात सेंटिनेल-१ घ्या. रडार आहे, ढगातून आरपार बघतं. व्हीव्ही ध्रुवण (रडारची लहर उभी सोडून उभीच टिपलेलं चित्र) घ्या, शांत पाणी काळं दिसतं. तीन ठिकाणी फसगत होते. वाऱ्याने लाटा उठल्या की पाणी उजळ दिसून क्षेत्र घटतं. डोंगराची रडार-सावलीही काळीच दिसते, तिला पाणी समजू नका : मे महिन्याच्या कोरड्या चित्रात जे काळं आहे ते आधीच वगळा. आणि उपग्रहाच्या चढत्या-उतरत्या (उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या) फेऱ्या मिसळू नका, बघण्याचा कोन बदलतो.
ग्रेसचं म्हणाल तर नाही. सुमारे ३०० किमीपेक्षा लहान भाग त्याला वेगळा दिसत नाही, आणि अख्खं तापी खोरं ६५ हजार चौ. किमीच्या आसपास. तालुका त्यात दिसणारच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबरच्या पातळ्या घ्या.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे आभार. क्षेत्रावरून घनमीटर कसे काढू? उंचीचा मोफत नकाशा चालेल का?

रडारवाला
तलाव त्या नकाशाच्या मोजणीआधीचा असेल तर चालणार नाही, कारण त्यात तळ नसून पाण्याचा पृष्ठभाग नोंदलेला असतो. एसआरटीएम या नेहमीच्या मोफत उंची-नकाशाची मोजणी फेब्रुवारी २००० ची.
त्यापेक्षा भिंतीजवळ मोजपट्टी रोवा. ऑक्टोबर ते मे आकाश निरभ्र असतं, सेंटिनेल-२ च्या प्रत्येक चित्राच्या दिवशी पातळी लिहा. हिरवा पट्टा वजा जवळ-अवरक्त, भागिले दोन्हींची बेरीज, यावरून पाण्याचं क्षेत्र काढा. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं पाणी = पातळीतला फरक ÷ ३ × (मोठं क्षेत्र + लहान क्षेत्र + दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ). समजा ४०,००० चौ. मी.वरून २२,५०० झालं आणि पातळी ०.६ मी. उतरली, तर ०.२ × ९२,५०० = १८,५०० घनमीटर. एकदा पातळी-साठा तक्ता झाला की पावसाळ्यात नुसती मोजपट्टी वाचून भागतं, रडार फक्त पडताळ्याला. पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात (डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या थरात) पाणी झपाट्याने मुरतं, म्हणून पट्टी रोज वाचा.
एक हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र उरलं की चित्राचा आकडा वापरू नका. १० मीटरच्या पिक्सेलचे तिथे जेमतेम १०० ठिपके, त्यातले ३६ काठावरचे, अर्धे ओले अर्धे कोरडे.